आक्काच्या खिडकीचा पडदा

गिरिजाक्कांचा फोन आला तेव्हा मी बेळगावात घरी दुपारचा चहा घेत होतो. निपाणीला आक्काच्या घरासमोरच राहतात त्या. "अण्णा, लगेच निघा," एवढंच म्हणाल्या. मी पोचलो तेव्हा आक्काला चटईवर निजवलं होतं, आणि खिडकीचा पडदा कुणीतरी बाजूला सारून ठेवला होता. आज सव्वा महिना झाला.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर दोन खोल्यांत एकटी, पण मजेत राहिली. पुढच्या खोलीच्या खिडकीला स्प्रिंगवर ओवलेला अर्धा पडदा असायचा, जुन्या साडीचा. वरची अर्धी खिडकी उघडी. सकाळी उठली की तिथं उभी राहून वेणी घालायची, समोरून गिरिजाक्का हात करायच्या, मग दोघींचा दिवस सुरू व्हायचा. मला ते पटायचं नाही. रस्त्यानं जाणाऱ्याला सगळं घर दिसतं, बाई एकटी आहे हे कळतं... "आरं, दिसू दे की," ती म्हणायची. "मी काय नवी नवरी हाय व्हय, पडद्यात बसाय? मी दिसल्याबिगर गिरिजाला चा जात न्हाय."

पण माझा स्वभाव हेकट. बेळगावच्या बाजारातून अस्तर लावलेले, पार जमिनीपर्यंत येणारे जाड पडदे घेतले, तिला न विचारता. कॉफीचा रंगही मीच ठरवला. एका रविवारी ड्रिल मशीन घेऊन निपाणीला गेलो. मी भिंतीला भोकं पाडत होतो आणि आक्का खाली स्टूल धरून उभी होती. पडदे ओढून बघितले तर म्हणाली, "लई अंधार झाला रं." मी म्हणालो, होईल सवय. त्यानंतर रोज संध्याकाळी मी फोनवर विचारायचो, पडदा लावलास का... आणि माझं मन मोडू नये म्हणून ती लावायची.

दहाव्याला गिरिजाक्का माझ्याशेजारी येऊन बसल्या. "सकाळपासनं पडदा बंद होता, अण्णा. मला वाटलं, तुम्ही आलायसा. भाऊ आलाय, बसू दे निवांत बोलत, म्हटलं. तीनला कडी वाजवली, मग दार मोडलं. खिडकीखालीच पडल्या होत्या..." तुमची काही चूक नाही, असं मी त्यांना सांगितलं. मला डॉक्टरांनी सांगितलं होतं, झटका मोठा होता, जागच्या जागी गेल्या असणार, काही कळलंसुद्धा नसेल. त्या एका वाक्यावर मी महिना काढला. भेटायला येईल त्याला तेच ऐकवलं.

गेल्या आठवड्यात खोली आवरायला गेलो. आधी ते पडदे उतरवावेत म्हणून खुर्चीवर चढलो. एका पडद्याच्या वरच्या दोन कड्यांभोवती कापड फाटलं होतं. चुण्यांमध्ये कुणाला दिसलं नव्हतं. खाली उतरून बघितलं, तर जमिनीपासून वीतभर उंचीवर तो पडदा मुठीत धरून पिळल्यासारखा चुरगळला होता. म्हणजे पडल्यावर आक्का शुद्धीत होती, आणि समोर दिसावं म्हणून तो ओढत होती... किती वेळ, कुणाला ठाऊक. घरात हे मी अजून कुणाशी बोललेलो नाही. रॉड जागचा हललासुद्धा नव्हता. मी तो फार पक्का बसवला होता.