दत्ता पाटील नावाचे कांबळेसर

यशवंत कांबळे गेला त्याला दीड महिना होत आला. त्याच्या मुलीचा, मायाचा फोन आला तेव्हा मी माणगावच्या बाजारात होतो. ‘काका, बाबा गेले…’ एवढंच ती बोलली आणि मी तिथल्याच एका दुकानाच्या पायरीवर बसलो. एकाच शाळेत, एकाच टेबलाला समोरासमोर आम्ही सव्वीस वर्षं काढली. तो गणित शिकवायचा, मी मराठी. माझ्या डब्यातलं लोणचं तो न विचारता उचलायचा. हा माणूस मला पुरता ठाऊक आहे असं मी समजत होतो. कसलं काय!

जलदान विधीला गेलो तेव्हा मायाने त्याचा फोन माझ्या हातात दिला. आठेक वर्षांपूर्वी मी इंटरनेटवर भातशेतीचा एक ग्रुप काढला होता. तिथले सगळ्यांचे लाडके जाणकार म्हणजे दत्ता पाटील. फोटोच्या जागी भाताची लोंबी. प्रत्यक्ष कुणी पाहिलेलं नाही, तरी बियाण्यापासून कापणीपर्यंत सगळं ‘दादां’ना विचारायचं. फोनवर त्यांचंच खातं उघडं होतं. ‘काका, हे बाबाच,’ माया म्हणाली. मला आधी रागच आला. अरे, मला तरी सांगायचंस! ती शांतपणे म्हणाली, ‘आधी ते स्वतःच्याच नावाने आले होते. महिनाभर कुणी साधं उत्तर दिलं नाही, तुम्हीही नाही. नाव बदललं आणि आठवड्यात दादा झाले.’

…आणि मला ती मधली सुट्टी आठवली. माझ्या भातखाचरात तुडतुड्यांची कीड पडली होती. यशवंत म्हणाला, ‘पाणी काढ. चार दिस खाचर सुकू दे.’ मी हसलो. ‘यशवंता, तू आपला खडू धर. शेती म्हंजे गणित न्हाय!’ त्याची आई जन्मभर लोकांच्या खाचरांत लावणीला जायची, आमच्याही. हे ठाऊक असून मी हसलो. संध्याकाळी ग्रुपवर विचारलं, तर दत्ता पाटलांनी तेच लिहिलं, अगदी शब्दशः. मी लगेच पाणी काढलं, भात वाचला. वर यशवंतालाच ऐकवलं, ‘याला म्हणतात जाणकार!’ ‘व्हय, मानूस हुशार दिसतो,’ म्हणत त्याने लोणच्याची फोड उचलली.

ग्रुपवर रोज विचारणा चालली होती, दादा कुठायत? माया म्हणाली, ‘पाटीलच राहू दे, काका. लोक बाबांना खोटारडा म्हणतील.’ खरं सांगतो, मलाही ते सोयीचं होतं. माझं ते हसणंही झाकलं जात होतं. महिनाभर गप्प राहिलो, पण जेवण गोड लागेना. शेवटी तिला म्हटलं, ‘खोटारडा म्हणायचं तर मला म्हणू देत. तो खरंच सांगत होता, मीच नाव बघून ऐकत होतो.’ तिने बाबांचा एक फोटो शोधून माझ्या हातात दिला. मग म्हणाली, ‘लिहा.’

काल त्याचा फोटो टाकला. खाली लिहिलं : यशवंत कांबळे, माझा मित्र. दोन मिनिटांत कुणीतरी विचारलं, ‘सर, हे कोण?’

‘ज्यांना विचारल्याशिवाय आपण कुणी पेरलं नाही, ते,’ मी उत्तर दिलं. आणि तुडतुड्यांची गोष्ट लिहायला घेतली, माझ्या हसण्यासकट.