देव सोडला त झाड सोड

आमच्या संघटनेच्या सभेत हमखास प्रश्न येतो, येशूकडं वळलेल्यांना गावात मारहाण होते कशी? उत्तरही प्रश्न विचारणाराच देतो, ‘धर्म, दुसरं काय,’ आणि चहा प्यायला उठतो. मी ती मुलचेऱ्याच्या पलीकडच्या एका गावात डोळ्यांनी बघितली, मारही खाल्ला, म्हणून सांगतो.

तिथल्या जंगलात मोहाची झाडं घराघरात वाटलेली असतात. ज्या घरानं झाडाखालचा पाला जाळून जागा झाडली, फुलं आणि ती विकून येणारा पैसा त्या घराचा. दुसरा कुणी हात लावत नाही. एका विधवेची अशी तीन झाडं होती. नवरा गेल्यावर ती रविवारी येशूच्या प्रार्थनेला जाऊ लागली, तेव्हा कुणाचं पोट दुखलं नाही. मग बाजाराच्या दिवशी शहरातून एक भाषणवाला आला आणि गावदेव बाटला म्हणून माईकवर ओरडून गेला. त्याच्या जीपची धूळ खाली बसायच्या आत तिच्या सख्ख्या दिराला देव आठवला.

सकाळी ती फुलं वेचत होती. मी गावात संघटनेची पत्रकं वाटत होतो, आरडाओरड ऐकून धावलो. दीर आणि त्याचे चारपाच सोबती तिला घेरून उभे.

“काऊन वो वहिनी, इथी काऊन आली? देव सोडला त झाड बी सोड!”

“झाड माह्या नवऱ्यानं राखलं. तुह्या देवानं खालचा पाला झाडला का?”

“येशूले सांग ना, वरून फुलं टाकंल!”

सगळे हसले. हसता हसताच दिरानं कुऱ्हाडीचा दांडा तिच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मला आला. एकानं केस धरून तिला फरफटत नेलं, दुसऱ्यानं टोपली लाथेनं उडवली. हा गुन्हा आहे, असं मी ओरडलो.

“लेक्चर नोको मारू, भाऊ,” म्हणत त्यांनी माझा दात पाडला.

मुलचेऱ्याच्या दवाखान्यात तिला प्लास्टर घातलं. माझ्या मोटरसायकलवरून परत येताना मी म्हणालो, “बाई, चंद्रपूरले चला. इथी मारून टाकतील.”

“मी गेली त झाडं त्याचीच झाली ना!”

गावात शिरलो, तर दिराच्या अंगणात तिच्या झाडांची फुलं वाळत होती. भाषणवाला आला नसता, तर याची हिंमत झाली नसती. आणि ही झाडं नसती, तर भाषण ऐकून हा घरी जाऊन झोपला असता.

तिनं गाडी थांबवायला लावली. उतरली, उजवा हात गळ्यात, आणि डाव्या हातानं अंगणातली फुलं पदरात भरू लागली. दीर दांडा घेऊन उठला.

मी गाडी स्टँडवर लावली.