उंच रोपं वेचली त्याची गोष्ट

बी.एस्सी.चा निकाल मी वेल्ह्याच्या स्टँडवर मोबाईलवर पाहिला. वनस्पतीशास्त्र, पहिला वर्ग. आईकडून असो की बापाकडून, आमच्यात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. हे सांगताना मी मान खाली घालत नाही. पण त्या पावसाळ्यात मला एका जागी बसवत नव्हतं, हेही खरं. पाली आणि गुंजवण्याच्या मधल्या आमच्या वस्तीत जो तो विचारायचा, आता पुढं काय? तो प्रश्न टाळायला मी दिवसातून चारदा राबावर जायचे.

राब म्हणजे भाताची रोपं तयार करायची जागा. उन्हाळ्यात तिथं शेण, पालापाचोळा, टहाळ्या पसरून भाजायचं आणि पावसाच्या तोंडावर बी फेकायचं. त्या वर्षी रोपं दाट उगवली, आणि मधूनमधून काही बाकीच्यांपेक्षा चांगली वीतभर उंच. मला बरं वाटलं. आई म्हणाली, पिवळी दिसतात, बारीक पण आहेत. मी म्हटलं, जोम आहे, वाढीला लागलीत. आई गप्प झाली. मी शिकलेली म्हणून गप्प झाली, ते आज जास्त टोचतं.

ओढ्यापलीकडच्या काकीचा अर्धा राब पाण्याच्या लोंढ्यानं धुऊन गेला होता. ती रोपं मागायला आली. आमच्याकडे रोपं देताना निवडायची नाहीत, अशी रीत आहे. राबाच्या एका कडेनं उपटत जायचं आणि येईल ते द्यायचं, म्हणजे देणाऱ्याच्या मनात खोट राहत नाही. मी मात्र उदार झाले. अख्खा राब तुडवत एकेक उंच रोप वेचून काढलं, मुठी बांधल्या, काकीच्या पाटीत भरल्या आणि म्हटलं, सगळ्यात जोमाची तुम्हालाच.

"तुमच्यात पदवी आली, तशी रोपं बी ताठ झाली की," काकी म्हणाली. मला ते आवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची रोपं उपटताना माझ्या नजरेतून सुटलेलं एक उंच रोप हातात आलं. मुळं नावालाच. बूड तपकिरी, त्यावर गुलाबीसर पांढरी बुरशी. मी ते धरून नुसती उभी राहिले. या रोगावर परीक्षेत मी पानभर उत्तर लिहिलं होतं. जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक या बुरशीमुळंच माणसाला सापडलं, हे मला तोंडपाठ होतं. पण पुस्तकात ते जपानमधलं होतं, काळ्यापांढऱ्या चित्रातलं. ते आमच्या राबात असेल, हे डोक्यात आलंच नाही.

काकीची लावणी आजच होती. गेलं तर सावडीला, म्हणजे आळीपाळीनं एकमेकींच्या शेतात राबायला आलेल्या सगळ्या बायांसमोर बोलावं लागणार. न गेलं तर तिची दोन भातखाचरं, म्हणजे घराचं वर्षाचं खाणं, मी वेचून दिलेल्या रोगावर उभं राहणार. मी बसले, उठले, बांधावर गेले, परत आले.

"बुडाखाली मुंग्या हायत का तुझ्या?" आई म्हणाली. मी सांगितलं. ती रागावली नाही. "मंग मला काय सांगतीस? तिला सांग."

ओढा ओलांडून गेले तर वरचं खाचर लावून झालेलं, खालच्यात बाया वाकलेल्या. मॅडम लावणी तपासायला आल्या, असं कुणीतरी म्हटलं. मी एका दमात सांगून टाकलं. रोप उंच वाढायचं रसायन स्वतःही बनवतं, पण बेतानं. सावली पडली, दाटी झाली, की उजेड गाठायला जरा लांबतं. रोग आला तर लढायचीही सोय त्याच्याकडे असते. पण ही बुरशी आत शिरून तेच रसायन ओतत राहते. रोपाला वाटतं, हुकूम आपलाच आहे. ते ताणत जातं, मुळं धरायची राहतात, लढायची ताकदही उणी पडते. काही रोपं मरतात. जगतात त्यांची लोंबी पोकळ.

पोकळ म्हटल्यावर काकी कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"काल कळलं न्हाई व्हय तुला?"

"न्हाई कळलं, काकी."

"मंग एवढं शिकून केलंस काय?" बाजूची बाई म्हणाली.

"आज कळलं ते शिकल्यामुळंच," मी म्हटलं. "काल चुकलं ते मिजाशीमुळं."

लावलेलं उपटू, पण त्या जागी लावायचं काय, असं काकीनं विचारलं. मी म्हटलं, आमच्या राबातली रोपं आणते.

"आईला इचारलंस?"

"न्हाई."

काकीनं माझ्याकडे बघितलं. मग वाकून पायाजवळचं पहिलं रोप उपटलं. बाकीच्या बायाही वळल्या.

घरी आईला सांगितलं तेव्हा ती पदर खोचून राबात बसली. आमच्यातही तो रोग थोडाफार असणारच, म्हणून एकेक मूठ उलगडून बघितली. उंच, पिवळं दिसेल ते बाजूला टाकलं. बापानं तो ढीग उकिरड्यावर न टाकता चुलीमागं वाळवून जाळला. दिवस कलता काकीची दोन्ही खाचरं पुन्हा लावून झाली आणि आमच्या खालच्या खाचराला रोपं अर्धीच पुरली.

ते खाचर रस्त्याला लागून. डोंगरावरच्या गडावर फिरायला निघालेले, टेम्पोवाले, वस्तीतले, सगळ्यांना दिसायचं. भादव्यापर्यंत लोक विचारत राहिले, अर्धं का सोडलं? आई दर वेळी माझ्याकडे बोट करायची. मग मी हातातलं काम टाकून सांगायला लागायचे, काहीही न गाळता.