पडद्यावर टेकवलेला तळहात

जबलपूरला जाते म्हटल्यावर ऑफिसात सगळ्यांनी एकच विचारलं, भेडाघाट बघणार ना? मी हो म्हटलं. खोटं बोलायची तोवर मला चांगलीच सवय झाली होती. नाशिक रोडला गाडीत बसले तेव्हा बॅगेत दोन साड्या आणि जबलपूरच्या गोदामातल्या रामटेकेंसाठी चिवडा होता, नाशिकच्या नावाजलेल्या कोंडाजीच्या दुकानासारखा नव्हे, पण घरी केलेला, बरा. आणि त्यांना सहा महिन्यांपूर्वीच सांगायला हवी होती अशी एक गोष्ट डोक्यात घोळत होती.

मी एका कारखान्यात माल रवाना करण्याचं काम बघते. आमची विजेची पॅनेलं उंच लाकडी खोक्यांतून पडद्याच्या ट्रकने जातात. या ट्रकला बाजूला फळ्या नसतात. जाड ताडपत्रीचा पडदा रुळावरून सरकवायचा आणि खाली बकलांनी आवळायचा. फोर्कलिफ्टने बाजूने माल चढवता येतो, म्हणून सोयीचा. आवळलेला पडदा इतका ताठ दिसतो की आतला माल त्यानेच धरून ठेवलाय असं वाटतं. पण तो फक्त पाऊस आणि धूळ अडवतो. माल धरतात ते आतले पट्टे. हे मी नव्या लोकांना घसा कोरडा होईपर्यंत सांगते. सहा महिन्यांपूर्वी एकदा मात्र दोन पट्टे कमी पडले आणि मागची दोन खोकी मीच तशी जाऊ दिली. ड्रायव्हर घाई करत होता. "पडदा घट्ट आहे, जाऊ दे," असं मी म्हणाले.

रामटेके जबलपूरच्या रिछाई या कारखान्यांच्या वसाहतीतल्या गोदामात माल उतरवून घ्यायचे. मूळचे भंडाऱ्याकडचे, पण आजोबांपासून जबलपूरला. दोन वर्षांची आमची ओळख, तीही फोनवरची. गाडी आली की पडदा उघडण्याआधी त्यांचा फोन यायचा, "दीदी, माल बांधला आहे ना?" मग पडद्यावर तळहात टेकवून ते गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचे. आतून माल रेलला असेल तर पडदा हाताला टणक लागतो. मग ते ती बाजू उघडायचेच नाहीत. ती गाडी पोचली त्या दिवशी मी म्हटलं, सगळा बांधलाय, उघडा. तिकडे पाऊस होता, मागे गाड्यांची रांग होती. माझ्या शब्दावर त्यांनी थेट बकलं सोडली आणि मागचं खोकं पडद्यासकट त्यांच्या उजव्या पायावर आलं.

चौकशीत ठरलं की पट्टे वाटेत निसटले असावेत आणि कामगाराने उघडण्याआधी तपासलं नाही. मी गप्प राहिले.

जबलपूरला सकाळी उतरले. रिक्षावाल्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मी सहलीलाच आले आहे असं ठरवून टाकलं. आधी सदर बाजारात नेऊन खोवे की जलेबी (खव्याची, काळपट आणि चांगली जाड जिलबी) खायला लावली. पाक साडीवर सांडला. मग रिछाईला चला म्हणत असतानाही त्याने रिक्षा मदनमहालच्या टेकडीकडे वळवली. तिथे एका खडकावर दुसरा भलामोठा खडक जेमतेम टेकून उभा आहे. "भूकंप में भी नहीं हिला, दीदी," तो अशा अभिमानाने म्हणाला, जणू त्यानेच तो तिथे ठेवला होता. मी बराच वेळ बघत राहिले. हा न बांधता इतकी वर्षं उभा आहे आणि माझं खोकं एक रस्ता उभं राहू शकलं नाही. खरं तर मला रिछाईला पोचायचंच नव्हतं, म्हणून मी त्याच्यावर रागावले नाही.

रामटेकेंचं घर कारखान्यांना लागूनच, दोन खोल्यांचं, अंगणात तुळशीऐवजी मिरचीची रोपं. ते काठी टेकत दारात आले.

"आवाजावरून वाटलं होतं, तुम्ही उंच असाल," ते म्हणाले आणि हसले.

त्यांच्या बायकोने, शोभाताईंनी, पोहे पुढे ठेवले. कॉलेजात जाणारी मुलगी माझं मराठी सगळं समजून घेत होती आणि उत्तरं हिंदीत देत होती. बोलता बोलता कळलं की रामटेके आता गोदामाच्या फाटकावर पहाऱ्याला बसतात. पडदे कसे उघडायचे हे गोदामात आजवर तेच सगळ्यांना शिकवत आले. आता सुपरवायझर नव्या लोकांना सांगतो, रामटेके जैसा मत करना.

"माझीच चूक झाली, दीदी. वीस वर्षांत पहिल्यांदा हात नाही लावला," ते म्हणाले.

मी बशी खाली ठेवली आणि सांगून टाकलं. पट्टे निसटले नव्हते, ते लावलेच नव्हते. मला माहीत होतं, आणि तरी फोनवर मी बांधलाय म्हटलं.

रामटेकेंनी विचारलं, "मंग काहून नाही सांगितलं? सहा महिन्यांपासून मी स्वतःलाच शिव्या देऊन राहिलो."

नोकरीची भीती वाटली, असं मी म्हटलं. दुसरं काही खरं नव्हतंच. शोभाताईंनी माझ्यापुढची बशी उचलली. पोहे अर्धे तसेच होते.

"मला सांगून काय होते?" रामटेके म्हणाले. "सुपरवायझरला सांगा. आत्ता. माझ्यासमोर."

मी फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं परत सांगितलं.  सुपरवायझर म्हणाला, "अब छह महीने बाद क्या फ़र्क पड़ता है, मैडम?"

रामटेके फोनकडे वाकले. "पड़ता है, भैया."

निघताना चिवडा त्यांनी ठेवून घेतला. काठी टेकत कोपऱ्यापर्यंत आले, मला रिक्षाही थांबवून दिली. पण आपल्याकडे निघालेल्या माणसाला 'या परत' म्हणतात, तेवढं ते म्हणाले नाहीत. मला फार लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

नाशिकला आल्यावर साहेबांना लेखी दिलं. एक मेमो मिळाला, नोकरी राहिली. जिच्यापायी मी सहा महिने तोंड उघडलं नव्हतं ती भीती एवढीशीच निघाली, याची मला अजून लाज वाटते.

पुढच्या पंधरवड्यात रिछाईची गाडी गेली. सगळे पट्टे मी स्वतः ओढून बघितले. तिसऱ्या दिवशी फोन आला. आवाज अनोळखी होता, "मैडम, माल बंधा है न?" बांधलाय, मी म्हटलं, पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस, पडद्याला आधी हात लाव.

"वो तो लगा लिया, मैडम. रामटेके जी खुद खड़े हैं यहाँ."

मी म्हटलं, त्यांना जरा फोन दे. पलीकडे कुजबूज झाली. मग तो म्हणाला, ते नंतर फोन करतील.

त्यांचा फोन अजून आलेला नाही. गाडी पोचायच्या दिवशी मी फोन जवळच ठेवते.