नदीचे डॉक्टर आणि लखलखीत बाटल्या

आमच्या नदीकाठच्या निसर्ग केंद्रात एक गृहस्थ आहेत. शाळांची मुलं त्यांना ‘नदीचे डॉक्टर’ म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणतो. तीस वर्षं त्यांनी पाण्याचा टँकर चालवला. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून केंद्रात झाडलोटीला आले आणि वर्षभरात पाणी तपासायला शिकले. “आयुष्यभर पाणी ओढलं, बाई. आता त्याची नाडी बघतो,” असं ते मला सांगतात.

दर गुरुवारी ते गुडघ्यापर्यंतचे बूट चढवून केंद्राखालच्या वळणावर उतरतात आणि तीन बाटल्या भरून आणतात. मी नोंदवही लिहिते. यजमान गेल्यावर मला हे काम मिळालं, ते केवळ अक्षर बरं म्हणून. पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे. धुण्याच्या पुडीचा अंश असेल तर पाणी निळं होतं.

गेल्या वर्षी सलग सहा गुरुवार पाणी निळं झालं. वरच्या अंगाला एका बाईंची लॉन्ड्री आहे. आमच्या नोंदींवरून नगरपालिकेने त्यांना नोटीस काढली. लॉन्ड्री बंद करायची की नाही, ते सोमवारच्या बैठकीत ठरणार होतं.

आदल्या शुक्रवारी एक शाळा आली होती. पुडीने पाणी निळं होतं हे मुलांना सांगून झाल्यावर, स्वच्छ पाणी कसं दिसतं ते दाखवायला डॉक्टरांनी धुतलेली बाटली घेतली, पिण्याच्या नळाखाली भरली आणि थेंब टाकले. पाणी निळंशार!

“डॉक्टरकाका, तुम्ही लॉन्ड्रीतलं पाणी पिता?” एका मुलीने विचारलं. वर्ग खो खो हसला. डॉक्टर हसले नाहीत.

मुलं गेल्यावर ते बाटली नाकाशी धरून उभे राहिले. “बाई, आपण बाटल्या कशाने धुतो?”

बाटल्यांना शेवाळाचा वास येतो म्हणून धुण्याची पूड मीच आणून दिली होती. घरी रोजनिशी उघडली. पाणी पहिल्यांदा निळं झालं, त्याच्या आदल्या दिवसाचं पान: ‘डॉक्टरांना पुडीचा डबा दिला. बाटल्या लखलखीत.’

शनिवारी मी ते पान त्यांना दाखवलं. त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. “ही घरीच ठेवा. धुतल्या मी, सांगणारही मीच.”

केंद्राच्या मॅडम घाबरल्या. “आपल्या एकाही नोंदीवर कोणी विश्वास ठेवणार नाही. नुसतं ‘पुन्हा तपासतो’ म्हणा ना!”

“आणि तोवर त्या ताईंनी दुकानाला कुलूप लावायचं?” डॉक्टर म्हणाले.

सोमवारी बैठकीत ते उभे राहिले. आवाज टँकरवाल्याचाच, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. “चूक नदीची नाही, या ताईंची नाही. बाटल्या मी पुडीने धुतल्या.” माझा उल्लेख नाही. लहानपणी शाळेतल्या नन्सनी शिक्षेची भीती इतकी पक्की बसवली होती, की चूक माझी म्हणून आपणहून उभी राहिल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी राहिले. वही घरी ठेवली नव्हतीच; ते पान वाचून दाखवलं.

नोटीस तिथल्या तिथे मागे घेतली गेली. लॉन्ड्रीवाल्या ताई तरातरा आमच्याकडे आल्या. “नोटीस आल्यापासून झोप नाही मला! बाटल्याच धुवायच्या होत्या तर माझ्याकडे टाकायच्या होत्यात!” आधी रागाने बोलल्या, मग स्वतःच्याच बोलण्यावर हसू फुटलं आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागल्या.

पुढच्या गुरुवारी त्या आल्या. डॉक्टरांनी नव्या बाटल्या नदीच्याच पाण्याने तीनदा विसळल्या, भरल्या आणि औषधाची कुपी ताईंच्या हातात दिली. आम्ही तिघं श्वास रोखून बघत राहिलो. पाणी जसंच्या तसं राहिलं.

“लिहा, बाई,” डॉक्टर म्हणाले, आणि मी लिहिलं. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला अशी सोबत मिळाली, याबद्दल मी देवाचे रोज आभार मानते.