ठकुबाईचं उन्हावरचं घड्याळ

माझ्या सासूच्या हातात चांगली वस्तू पडली की ती परत दिसायची नाही. हरवत नाही, जपली जाते. काचेचे सहा पेले जुन्या साडीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत आहेत आणि मी लग्न होऊन आल्यापासून आम्ही सगळे स्टीलच्या पेल्यातून पाणी पितो. नणंदेने दिलेली शाल पेटीत आहे. गेल्या जूनमध्ये तिचं नवं घड्याळही त्याच पेटीत गेलं. आधी रुमालात, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि शेजारी डांबराच्या गोळ्या. ते उन्हावर चालणारं घड्याळ होतं.

सासूचं नाव ठकुबाई. आमचं घर राहनाळला, दोन गोदामांच्या मध्ये चिमटलेलं. ती धवलारीण आहे. आमच्यात लग्नाला भटजी असतो किंवा नसतो, धवलारीण मात्र लागतेच. ती धवले गाते, आणि तिच्या गाण्यावर हळद लागते, तेल चढतं, नवरानवरीच्या मधला अंतरपाट सुटतो. ठकुबाईचं नाव झालं ते एका गोष्टीमुळे. मुहूर्त ज्या मिनिटाचा असेल त्याच मिनिटाला तिचा धवला संपतो. गाता गाता ती मनगटाकडे एक नजर टाकते. वेळ उरली असेल तर आणखी दोन देवांना आवतण घालते, कमी असेल तर दोघांना गाळते. तिला अक्षरं येत नाहीत, पण काटे येतात. मोबाईलवर वेळ बघ म्हटलं की विचारते, "एका हातात दिवा, दुसऱ्यात तांदूल. मोबाईल काय दातात धरू?"

मे महिन्यात तिचं जुनं सेलवालं घड्याळ भर मंडपात बंद पडलं. काटा हलत नाही हे तिच्या ध्यानात येईपर्यंत मुहूर्त टळला होता. अंतरपाट नऊ मिनिटं उशिरा सुटला. नऊ मिनिटांनी कोणाचा संसार मोडत नाही, पण लोकांना बोलायला नऊ मिनिटं पुष्कळ होतात. म्हातारीचं आता झालं, असं गावात सुरू झालं आणि दोन घरांनी दुसरी धवलारीण ठरवली. तेव्हा विशालने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, हे घड्याळ आणलं. तो कंटेनर चालवतो, आठवड्यातून दोन दिवस घरी असतो. "आये, याला सेल बदलावाच लागत न्हाय, उजेडावर चालतं," असं सांगून तो ड्युटीवर निघून गेला. तिने त्यातलं अर्धंच ऐकलं.

पुढे पावसाळा, मग चातुर्मास, लग्नं बंद. तुळशीचं लग्न लागल्यावर कशेळीहून केसरीनाथचा फोन आला. खाडीकाठच्या त्याच्या जमिनीवर तीन गोदामं उभी आहेत, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन आहे. त्याच्या मुलीचं, क्षितिजाचं लग्न. गुरुवारी, गोरज, सहा अकरा.

"ठकुबाय, मी तुलाच बोलवतोय," तो म्हणाला. "भावकी म्हनते दुसरी आन. पन यावेली घड्याल नीट बग हां."

फोन ठेवल्यापासून तिचे पाय घरात ठरेनात. हे लग्न नीट लागलं तर मे महिना लोक विसरणार होते. चुकलं तर यापुढे कोणी तिला बोलावणार नव्हतं. हे तिला कळत होतं, मलाही कळत होतं, आणि म्हणून आम्ही दोघी मीठ कमी पडल्यावरूनही भांडत होतो. मंगळवारी सकाळी तिने पेटी उघडली. पिशवी काढली, रुमाल सोडला आणि ओरडली, "भावने, मेलं गो! ह्ये पन मेलं!"

मी गोदामात बारकोड मारायच्या कामावर आहे. गुरुवारपर्यंत सुट्टी टाकली आणि तिला घेऊन धामणकर नाक्याला गेले. तिथे जिन्याखाली एका चाचांची घड्याळाची टपरी आहे. त्यांनी घड्याळ डोळ्याजवळ धरलं, उलटं केलं, सुलटं केलं.

"अम्मा, रखा कहाँ था?"

"पेटीत."

"कब से?"

"जूनपासून. रुमालात, नीट."

"मतलब पाँच महीना भूखा रखा."

ठकुबाईला हे भलतंच लागलं. "भुका कसला? रुमाल धुतलेला व्हता!" चाचा हसले, मला मात्र तेव्हा हसू आलं नाही. सेल टाका, मोकळे व्हा, म्हणून ती त्यांच्या मागे लागली. चाचांनी मागचं झाकण उघडायलासुद्धा नकार दिला. त्यांनी समजावलं ते असं. काट्यांखालच्या तबकडीतून आत उजेड जातो आणि त्यावर आतला सेल भरतो. तो वेगळा सेल असतो. त्याच्या जागी साधा सेल बसवला तर घड्याळ कायमचं बिघडतं. त्याला नुसतं ऊन दाखवायचं, पण तापू द्यायचं नाही. पत्र्यावर ठेवायचं नाही, मोठ्या दिव्याजवळ धरायचं नाही. सुरू झालं आणि सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारायला लागला तर समजायचं, अजून पोट भरलेलं नाही. एकेक सेकंद चालला की भरवसा ठेवायचा.

"गुरुवारपर्यंत व्हईल?" तिने विचारलं.

"धूप की मर्ज़ी," चाचा म्हणाले.

आता आमच्या घरी ऊन कुठून आणायचं? सकाळी एका गोदामाची सावली, दुपारनंतर दुसऱ्याची. अंगणात ऊन येतं साडेदहाला आणि पावणेदोनला निघून जातं. मंगळवारचं ऊन तर नाक्यावरच्या गर्दीत गेलं होतं. घरी आल्यावर ती घड्याळ हातात घेऊन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत राहिली. दिवेलागणीला मी भाकऱ्या थापत होते, बघते तर ती स्टुलावर चढून घड्याळ पिवळ्या बल्बला टेकवतेय. मी ते हिसकावलंच. "भाजायचंय का त्याला?" मी ओरडले. तीही ओरडली.

बुधवारी तिने अंगणात पाट मांडला, पाटावर ताट, ताटात घड्याळ. ऊन वीतभर सरकलं की पाट सरकायचा. कावळा आला की हातातली काठी उठायची. रस्त्यावरून कंटेनर गेला की काचेवर धूळ, की पदराने पुसायचं. तिचं पुसणं इतकं चालू होतं की उजेडापेक्षा पदरच जास्त पडत होता त्या घड्याळावर. मी म्हटलं, "आये, त्याला जरा एकटं सोड." ती म्हणाली, "तू तुजं काम बग." माझं काम तर मी सुट्टी टाकून घालवलं होतं.

दुपारी एकच्या सुमारास काटा थरथरला आणि टुणकन उडी मारली. मग आणखी एक. "उड्या मारतंय बग! ताकद आली!" ती टाळ्या पिटत म्हणाली. मी काटा बघितला. दोन-दोन सेकंदांच्या उड्या होत्या. चाचा काय म्हणाले होते त्याची मी तिला आठवण करून दिली. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं, असा तिचा चेहरा झाला. मोबाईलमध्ये बघून मी वेळ लावून दिली. रात्री दोनदा उठून तिने ते कानाला लावलेलं मी पाहिलं.

गुरुवारी सकाळी सातला ती घरात नव्हती. शोधत गेले तर गोदामांच्या पलीकडे ट्रकच्या वजनकाट्यापाशी, जिथे पहिलं ऊन येतं तिथे, दगडावर हात पुढे करून बसलेली. एका ड्रायव्हरने तिच्या हातावर बिस्किटाचा पुडा ठेवला होता. तो तिने खाल्लासुद्धा होता. "आये, लोक काय म्हनतील?" मी म्हटलं. "म्हनूदे. इथं ऊन हाय," ती म्हणाली. हवा धुरकट होती, ऊन कसलं, नुसता उजेडच. मी तिच्याजवळ बसले. मला स्वयंपाक होता, साडीला इस्त्री होती, आणि मी तिथे बसून एका काट्याकडे बघत होते. माझं डोकं फिरलं होतं म्हणा ना.

पावणेदोनला तिने माझं मनगट घट्ट धरलं. "भावने. एकेक."

खरंच एकेक सेकंद चालत होतं. मी मोबाईल समोर धरून पाच मिनिटं मिळवून पाहिलं, वेळ बरोबर होती. तरी तिचा जीव थाऱ्यावर आला नाही. तीनला आम्ही रिक्षात बसलो. कशेळीच्या अलीकडे नेहमीसारखं सगळं ठप्प झालं आणि ही बाई रिक्षाच्या बाहेर हात काढून बसली. शेजारून ट्रक घासून जात होते. "हात तुटंल!" मी म्हटलं. "तुटूदे. घड्याल चाललं पायजे," ती म्हणाली आणि हात तसाच ठेवला.

मंडप मोठा होता, पंखे, कारंजं, ड्रोनसुद्धा. मंडपात वेळ मोबाईलमध्ये बघायची नाही, धवलारणीला विचारायची, अशी आमच्याकडे रीत आहे. पाचपासून सगळे तिला विचारत होते. "ठकुबाय, किती वाजले?" बायका विचारत होत्या, आचारी विचारत होता, टवाळ पोरं मुद्दाम दर मिनिटाला येऊन विचारत होती. ती प्रत्येकाला पदर मागे सारून, मनगट वर करून, मिनिटासकट सांगत होती. दोन दिवसांत पहिल्यांदा मला ती बरी दिसली.

सहाला पाच कमी असताना कळव्याहून नवऱ्याचं वऱ्हाड दारात आलं. दारात आलं आणि दारातच नाचायला लागलं. डीजे, फटाके, नवरदेव मित्रांच्या खांद्यावर. सहा झाले. सहा पाच झाले. धवला सुरू करायची वेळ झाली आणि पाटावर नवरी एकटीच. केसरीनाथ दोनदा दारात जाऊन हात जोडून आला. तिकडच्यांनी त्याच्याच कपाळाला गुलाल फासला. मुलीच्या बापाला व्याह्यांशी जोरात बोलायची सोय नव्हती.

सहा अकराला ठकुबाई घड्याळाकडे बघत होती. काटा पुढे गेला. "गेली," ती हळूच म्हणाली.

नवरदेव पाटावर येईपर्यंत सहा पस्तीस झाले. केसरीनाथ घामाघूम होऊन तिच्याजवळ आला. मी तबक धरून शेजारीच होते, म्हणून सगळं ऐकलं.

"ठकुबाय, घड्याल जरा मागं कर. सहा धाला लाव. आनि सहा अकरा झाले म्हनून मोठ्यानं सांग. शूटिंग चालू हाय, भावकी बसलीय. तू सांगितलंस की झालं, कोन मोबाईल बगतंय?"

तिने मनगटाकडे पाहिलं. मला वाटलं, करेल. कर गं बाई, मीच मनात म्हणत होते. एक खुंटी ओढून फिरवायची, कोणाचं काही जात नव्हतं. आणि केसरीनाथ खूश झाला तर सगळा मोसम आपला.

"मे महिन्यात तुजी चूक झाली, तरी मी तुलाच बोलवली ना?" तो म्हणाला.

हे त्याने बोलायला नको होतं. तिने मान वर केली.

"केसरीनाथ, त्या टायमाची नऊ मिन्टं माजी व्हती. मी घेतली, सगल्यांचं ऐकलं. आजची तुज्या जावयाच्या नाचाची हायेत. ती मी घेनार न्हाय."

मग ती त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि माईक हातात असल्यासारखी खणखणीत आवाजात म्हणाली, "सहा वाजून सदतीस मिन्टं झाली. लगीन लागतंय." आणि धवला सुरू केला. तिने एकाही देवाला गाळलं नाही. अंतरपाट सुटला तेव्हा किती वाजले तेही तिने सांगितलं. क्षितिजा खाली मान घालून हसत होती. कळव्याकडची माणसं एकमेकांकडे बघत होती. केसरीनाथचा चेहरा गुलालाखालीही लाल झालेला दिसत होता. मला तिचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी तितकाच रागही आला.

त्यानंतर मंडपात तिला कोणी काही विचारलं नाही. ओटी भरली ती केसरीनाथच्या बायकोने, घाईत, दुसरीकडे बघत. आम्ही शेवटच्या पंगतीला जेवलो. लोक हात धुऊन आमच्या बाजूने जात होते आणि किती वाजले ते खिशातला मोबाईल काढून बघत होते.

परतताना पुन्हा तीच गर्दी. रिक्षा कशेळीच्या बाहेर पडताच अडकली. ती कोपऱ्यात अंग चोरून बसली होती, हात मांडीवर.

"आता न्हाय बोलवनार कोनी," ती म्हणाली.

"बोलवतील," मी म्हटलं, पण माझा आवाज मलाच खोटा वाटला.

"घड्याल बरोबर चाललंय गो. शेवटपर्यंत बरोबर चाललं. पन कोनी इचारलंच न्हाय."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. इतक्या वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं. माझ्या हातात मोबाईल होता, त्यावर वेळ ठळक दिसत होती. मी तो उलटा करून मांडीवर ठेवला.

"आये," मी विचारलं, "किती वाजले?"

तिने माझ्याकडे पाहिलं. पदर मागे सारला, शेजारच्या ट्रकच्या उजेडात मनगट धरलं, आणि डोळे बारीक करून नीट बघितलं.

"आठ वाजून सेहेचाळीस मिन्टं," ती म्हणाली.