मामंजींचे पाय

"पडदा सुटलाय," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेव्हा मला आधी आमच्या बैठकीच्या दाराचा पडदाच आठवला. सांगलीच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी हनुवटी यंत्रावर टेकवून बसले होते आणि डोळ्यात त्यांचा दिवा होता. मग त्यांनी इंग्रजी नाव सांगितलं, रेटिनल डिटॅचमेंट. डोळ्याच्या आत मागच्या भिंतीला एक पातळ पडदा चिकटलेला असतो, त्याच्यावर चित्र उमटतं. तो भिंतीपासून सुटला की डोळा असून नसल्यासारखा. ऑपरेशन लगेच करायला हवं, असं त्या माझ्या मालकांना म्हणाल्या. मला कोणी विचारलं नाही, आणि त्याचं मला तेव्हा काही वाटलंही नाही.

माझा दुसरा डोळा साखरेनं आधीच अधू झालेला. त्यानं माणूस आल्याचं कळतं, कोण आलं ते कळत नाही. म्हणजे जो काही भरवसा होता तो या एका डोळ्यावर.

हे वाचणाऱ्या बायकांना आधीच सांगते. डोळ्यापुढं ठिणग्या उडाल्या, चिलटं फिरली, किंवा कडेनं सावली सरकायला लागली, तर थांबू नका. मी थांबले. उपासानं होत असेल, असं मनाशी म्हणाले. मग सावली नाकापर्यंत आली तेव्हा आमच्याकडं ऊसतोडणी चालू होती, गाडी घेऊन मुलगा कारखान्यावर आणि मालक शेतात. आष्ट्याहून सांगली काही लांब नाही, एसटी आहे. पण सुभेदारांच्या घरची बाई एकटी एसटीनं गेली असं आमच्यात कधी झालेलं नाही. आमच्याकडं खुरपणीला येणारी एखादी असती तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दवाखान्यात पोचली असती. मी गाडी रिकामी व्हायची वाट बघत बसले. मोठ्या घराचा पोकळ वासा म्हणतात, तो असा.

ऑपरेशनचं नाव व्हिट्रेक्टमी. डोळ्यातला चिकट द्रव काढतात आणि आत गॅसचा बुडबुडा सोडतात. तो बुडबुडा वर सरकतो आणि पडद्याला मागच्या भिंतीशी दाबून धरतो. पण त्यासाठी माणसानं तोंड खाली करून राहायचं. झोपायचं पालथं, बसायचं तर कपाळ टेबलावर. जेवतानाही मान खाली. डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं, "डोकं वर काढलंत तर बुडबुडा जागा सोडेल. मग मी काही करू शकणार नाही."

मी मनात हसले. मान खाली घालून राहायची मला काय भीती? एकोणिसाव्या वर्षी या घरात आले तेव्हापासून तेच तर केलं होतं. सासरे, दीर, पाहुणे, कोणीही समोर आलं की पदर नाकापर्यंत आणि नजर जमिनीवर. आमच्या घरात माणसं मी पायांवरून ओळखायची. दिरांचे मिलिटरीचे बूट, चुलत सासऱ्यांच्या कराकरा वाजणाऱ्या वहाणा. थोरल्या घरची रीत होती ती. रोजानं येणाऱ्या बायका डोईचा पदर खोचून गड्यांशी तोंडाला तोंड देऊन बोलायच्या, आणि मला त्यांची कीव यायची.

मालकांनी अर्थातच स्पेशल रूम घेतली. वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातली. जाड पडदे, एसी, बाहेरचा एक आवाज आत येत नाही. आमची सून प्राजक्ता सोबतीला. ती शिकलेली, लग्नाआधी साताऱ्यात कॉलेजात शिकवायची. पण माझ्यासमोर ती बसत नाही, रीतच तशी. मीही माझ्या सासूबाईंसमोर बसले नव्हते. ती दाराशी उभी राहायची आणि विचारलं तेवढंच बोलायची. भेटायला येणारी मंडळी सोफ्यावर बसून ऊसदर, पाऊस आणि पाहुणेरावळे यांवर मालकांशी बोलून जायची. मी पालथी. त्यांच्या बुटांचे रंगही मला नीट दिसत नव्हते, अधू डोळ्याला फरशी नुसती धुक्यासारखी.

आणि त्या धुक्यात, भर दुपारी, मला पाय दिसले.

प्राजक्ता खाली औषधं आणायला गेली होती. खोलीत कोणी नव्हतं. पलंगाच्या कडेशी, माझ्या तोंडाखाली हातभर अंतरावर, दोन अनवाणी पाय उभे होते. बाकी सगळं अंधूक आणि ते पाय मात्र स्वच्छ. टाचेच्या भेगांत बसलेली काळी माती दिसत होती. डाव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं. वर धोतराचा काठ.

ते माझ्या सासऱ्यांचे पाय होते. मामंजी जाऊन बरीच वर्षं झाली. खरं सांगायचं तर त्यांचा चेहरा आठवायला मला आजही भिंतीवरच्या फोटोकडं बघावं लागतं. पण ते पाय मी झोपेतही ओळखले असते.

भूत आहे, डोक्यात बिघाड झालाय, असलं काही मनात यायच्या आधी एकच गोष्ट आली: मामंजी उभे आहेत आणि मी लोळतेय. मी उठले. झटकन उठून बसले, पदर घेतला, पलंगावरून खाली उतरून उभी राहिले.

समोर कोणी नव्हतं.

ते रोज यायला लागले. चाहूल नाही, सावली नाही. एसीचा आवाज तेवढा चालू असायचा आणि मी डोळे उघडले की पाय असायचे. कधी बोटं हलायची, वाट बघून कंटाळलेल्या माणसासारखी. दर वेळी मी ठरवायची की आता उठायचं नाही, आणि दर वेळी अंग आपोआप उठायचं. एवढ्या वर्षांची सवय हाडात गेलेली. मी कोणाला बोलले नाही. सुभेदारीणबाईंना मेलेला सासरा दिसतो, ही बातमी आष्ट्यात पोचायला किती वेळ लागला असता? कोणी म्हणालं असतं बाहेरचं आहे, कोणी म्हणालं असतं वेड आहे. वेडी बाई घरात असली की त्या घरच्या पोरींना स्थळं येत नाहीत, आणि माझी धाकटी लेक लग्नाची आहे.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाई बराच वेळ आत बघत राहिल्या. खालच्या बाजूला पडदा अजून टेकलेला नाही, म्हणाल्या. मग मालकांना बाहेर पाठवून त्यांनी दार लावलं. "तुम्ही डोकं वर काढताय. का?"

मी पदर सारखा केला.

"काही दिसतं का तुम्हाला? नसलेली माणसं, झाडं, जनावरं?"

एवढं त्यांनी सहज विचारलं, साखर किती आहे विचारावं तसं, की मला रडूच आलं. मी मान खाली घालूनच सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. याला व्हिज्युअल हॅल्युसिनेशन म्हणतात, म्हणाल्या. एका परदेशी माणसाच्या नावानंही हा आजार ओळखतात, ते नाव माझ्या जिभेवर टिकत नाही. नजर कमी झाली की मेंदूला चित्रं मिळेनाशी होतात. मग तो रिकामा बसत नाही, स्वतःच्या साठ्यातलं काहीतरी काढून दाखवतो. हे वेड नव्हे. बरेच लोक भीतीनं सांगत नाहीत एवढंच. असं दिसलं तर डोळे मिचकवायचे, नजर डावी-उजवी फिरवायची, कोणाशी तरी बोलायचं.

"आणि एकटं, शांत, अंधाऱ्या खोलीत राहिलं की हे वाढतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही माणसांत राहा. आणि आता पुन्हा उठलात तर हा डोळा जाईल, हे मी स्पष्ट सांगते."

बाहेर आल्यावर मी मालकांना म्हणाले, मला जनरल वॉर्डात हलवा.

ते सैन्यात सुभेदार होते, आवाज चढवायची गरज त्यांना कधी पडली नाही. "आपल्या घरची बाई जनरलमदी न्हाई झोपायची," म्हणाले. "भेटायला आल्याली मान्सं काय म्हनतील?"

मी जमिनीकडं बघत होते, दुसरीकडं बघायची सोयच नव्हती. म्हणाले, "आवं, मी आंधळी झाल्यावर काय म्हनतील ती?"

लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांना उलट बोलले असेन. त्यांचं तोंड कसं झालं ते मला दिसलं नाही, आणि तेच बरं झालं. दिसलं असतं तर मी माघार घेतली असती. संध्याकाळच्या आत मला खाली हलवलं.

वॉर्डात ट्यूबलाइटचा उजेड, स्टीलच्या डब्यांचे आवाज, कोणाचं तरी पोर रडतंय, कोणाच्या मोबाइलवर भजन. शेजारच्या पलंगावरही एक बाई माझ्यासारखीच पालथी होती. मालन तिचं नाव. कुपवाडला एका कारखान्यात नटबोल्ट पॅक करायची. आमच्या दोघींची तोंडं जमिनीकडं, त्यामुळं एकमेकींचा चेहरा दिसायचा प्रश्नच नव्हता. नुसते आवाज. मी कसलं लुगडं नेसलेय, गळ्यात काय आहे, हे तिला कळायला मार्ग नव्हता. आणि ती मला "बाई" न म्हणता "अगं" म्हणाली. मला राग यायला हवा होता. आला नाही.

तिला पिवळ्या फुलांची झाडं दिसायची, पलंगाखाली उगवलेली. ती ते सगळ्या वॉर्डाला मोठ्यानं सांगायची आणि बायका हसायच्या. "आज लय फुलल्यात गं," म्हणायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं उरकल्यावर वॉर्ड जरा शांत झाला. मामंजी आले. दोन पलंगांच्या मधल्या फरशीवर, तसेच, भेगांत माती. माझे हात गादीवर टेकले, अंग उठायला लागलं. दात घट्ट आवळून मी पडून राहिले. मिचकवून बघितलं, नजर फिरवली. पाय तिथंच.

"मालन," मी म्हणाले. "माझा सासरा उबा हाय हितं."

"जित्ता हाय?"

"न्हाई. लय वर्सं झाली जाऊन."

ती म्हणाली, "मग उबा का? बसा म्हनावं की त्यास्नी. पाय दुकत असत्याल."

मी आयुष्यात मामंजींना कधी काही सांगितलं नव्हतं. त्यांच्यासमोर माझा आवाज म्हणजे बांगड्यांचा तेवढा. उशीत तोंड खुपसून मी हळूच म्हणाले, "मामंजी, बसा."

बोटं हलायची थांबली. मग फरशी नुसती फरशी राहिली.

मी उठले नव्हते. त्यानंतरही उठले नाही. पुढच्या तपासणीत पडदा टेकला होता. डॉक्टरीणबाईंचे उपकार मी जन्मात विसरणार नाही; त्यांनी तो एक प्रश्न विचारला नसता तर आज मी हे स्वतः लिहीत नसते, कोणाकडून तरी लिहून घेत असते. मालन माझ्या आधी घरी गेली. जाताना पलंगाशी आली तेव्हा मला तिच्या प्लास्टिकच्या चपला अंधूक दिसल्या. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "संबाळ गं." रस्त्यात भेटली तर मी तिला ओळखणार नाही. बोलली तर ओळखीन.

आता बुडबुडा विरलाय. डोळा पूर्वीसारखा नाही, पण चेहरे दिसतात. प्राजक्ताच्या उजव्या भुवईत एक बारीक व्रण आहे. ती या घरात येऊन इतके दिवस झाले, मला माहीत नव्हतं. माझ्यासमोर ती मान वर करत नाही ना.

मामंजी पुन्हा आले नाहीत. पण परवा दुपारी मी माझ्या खोलीत पडले होते, आणि कपाटाशी दोन पाय दिसले. कोवळे, हळद न उतरलेले. नवीन जोडवी. आणि उजव्या अंगठ्यावर विळीनं कापल्याची खूण, जी माहेरी लग्नाआधी मला झाली होती आणि अजून आहे. मी पांघरूण सारून स्वतःच्या पायाकडं बघितलं, पुन्हा कपाटाकडं बघितलं. ती पोर एकेका पायावर भार टाकत उभी होती. कोणीतरी बस म्हणेल म्हणून.

"बस गं," मी म्हणाले. "किती येळ उबी ऱ्हाशील?"

दाराशी हालचाल झाली. प्राजक्ता चहा घेऊन केव्हापासून तिथं उभी होती, मला कळलंच नव्हतं. तिनं कप खाली ठेवला, थोडी घुटमळली आणि माझ्या पलंगावर, माझ्या पायाशी येऊन बसली.

कपाटाशी आता कोणी नव्हतं. मी प्राजक्ताला काही सांगितलं नाही. थोडं सरकून तिला जागा करून दिली.